कॅज्युअल्टीतली जखम आणि घरातली मारहाण

मागील अंकात या सदरात अपघाती जखमांच्या प्रथमोपचाराविषयी लिहिले होते. त्यावर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती फिरणारी निघाली: अपघात म्हणून सांगितलेली जखम प्रत्यक्षात घरातल्या मारहाणीची असेल, तर रुग्णालयाने ते ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर करायचे काय? त्यातील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी नाशिक रोडच्या एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला कॅज्युअल्टीत (तातडीच्या उपचार विभागात) परिचारिका आहे. ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रिया वरचेवर येतात. सोबतचा नवराच सगळी उत्तरे देतो आणि ती खाली बघत बसते. आम्हाला संशय येतो, पण विचारायचा अधिकार आम्हाला आहे का? आणि विचारायचे ते नेमके कोणत्या शब्दांत?

उत्तर : विचारण्याचा अधिकार आपल्याला आहेच, किंबहुना जखमेचे कारण विचारल्याशिवाय उपचार पुरा होत नाही. छातीत दुखते म्हणणाऱ्या रुग्णाला तंबाखूविषयी विचारताना आपण संकोचत नाही, मग फुटलेल्या ओठाविषयी विचारतानाच तो का वाटावा?

संशय कशावरून घ्यावा, हे आधी पाहू. घसरून पडलेल्या माणसाला बहुधा तळहात, कोपर, गुडघा, घोटा किंवा कमरेला लागते. मारहाणीत चेहरा, डोके, मान, छाती आणि पोट अधिक सापडतात, आणि वार चुकवण्यासाठी हात वर घेतल्यामुळे कोपराखालच्या हाताच्या करंगळीकडील बाजूस वळ उठतात किंवा तेथले हाड मोडते. दुखापतीनंतर दोन-दोन दिवसांनी रुग्णालयात येणे, वेगवेगळ्या काळातील जखमा एकाच वेळी दिसणे, गरोदरपणात पोटावर किंवा स्तनांवर मार असणे, डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे अशा तक्रारींसाठी वारंवार खेपा घालणे, आणि सांगितलेली हकिकत दर वेळी थोडी बदलणे, ही आणखी काही चिन्हे. वळाच्या रंगावरून मात्र ‘हा तीन दिवसांपूर्वीचा, हा आठवड्यापूर्वीचा’ असे ठामपणे लिहू नये, कारण तो अंदाज फार वेळा चुकतो. रंग जसा दिसतो तसा नोंदवावा आणि तेथेच थांबावे.

गळ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत अधिक दुर्लक्ष येथेच होते. गळा दाबला गेला असेल तर बाहेरून खूण दिसेलच असे नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील ३०० प्रकरणांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या प्रकरणांत गळ्यावर कोणतीही जखम दिसलेली नव्हती. म्हणून आवाज बसला आहे का, गिळताना दुखते का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, नकळत लघवी झाली होती का, हे विचारावे, आणि पापणी खाली ओढून डोळ्यात रक्ताचे बारीक ठिपके आहेत का ते पाहावे. मानेतील रक्तवाहिनीला आतून इजा झाली असल्यास पक्षाघात काही तासांनी किंवा काही दिवसांनीही होऊ शकतो, त्यामुळे अशा रुग्णाला ‘काही नाही, घरी जा’ असे सांगून पाठवू नये. मानेच्या रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन करावे की नाही, याचा निर्णय डॉक्टरांनी लगेच घ्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. जोडीदाराने पूर्वी एकदा गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून त्या स्त्रीचा खून होण्याचा धोका सुमारे सातपट वाढलेला असतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात आढळले आहे.

आता विचारायचे कसे. पहिली अट एकांताची. नवरा, सासू, नणंद, इतकेच काय, तिची स्वतःची आईदेखील समोर असताना हा प्रश्न विचारू नये. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत पडद्यापलीकडे दुसरा रुग्ण असतो आणि एकांत मिळणे अवघड असते हे खरे. पण नातेवाइकांना मेडिकलमधून औषधे आणायला किंवा काउंटरवर पैसे भरायला पाठवता येते, एक्स-रेच्या दाराशी ‘आत फक्त पेशंट’ म्हणता येते, लघवीचा नमुना घेण्याच्या निमित्ताने दोन मिनिटे मिळवता येतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या किंवा परप्रांतीय स्त्रीची बोली आपल्याला समजत नसेल, तर भाषांतरासाठी सोबतचा नातेवाईक घेऊ नये. रुग्णालयातील एखाद्या मावशीला ती बोली येते का ते पाहावे आणि हे बोलणे बाहेर जाता कामा नये, याची तिला आधी जाणीव द्यावी.

‘तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?’ असे विचारल्यास बहुतेक जणी ‘नाही’ म्हणतात. त्याऐवजी, ‘ताई, अशी जखम घेऊन येणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही विचारतो. घरात कोणी हात उचलतं का? ढकलणं, गळा धरणं, चटके देणं असं काही होतं का? आज घरी जायची भीती वाटते का?’ असे विचारावे. ‘तुम्ही असं काय केलं होतं?’ हा प्रश्न चुकूनही येऊ नये. ती ‘नाही’ म्हणाली तर खोदून विचारू नये. ‘कधी वाटलं तर इथे येऊन सांगता येईल’ एवढे सांगावे. आज नाही म्हणणारी स्त्री पुढच्या खेपेला बोलते, असा अनुभव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव आल्याचे सांगितले. मात्र हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के होत्या. म्हणजे बहुतेक जणी आपण होऊन कोणापाशी बोलतच नाहीत.

प्रत्येक रुग्णाला विचारावे की फक्त संशय आल्यावर, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सरसकट चाळणीची शिफारस करत नाहीत. लक्षणे दिसल्यास विचारावे असे सांगतात, आणि तेही एकांत, प्रशिक्षित कर्मचारी व पुढे पाठवण्याची सोय असेल तरच. माझे मत असे की बाह्यरुग्ण विभागात ही भूमिका ठीक आहे. कॅज्युअल्टीत मात्र जखम, भाजणे किंवा विषबाधा घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, हा प्रश्न एकांतात विचारला जावा. सगळ्यांना विचारले की कोणालाही आपल्यावरच संशय घेतल्यासारखे वाटत नाही, आणि विचारणाऱ्यालाही ‘चेहऱ्यावरून’ माणसे निवडावी लागत नाहीत.

ती बोलली, तर तिचे ऐकून घ्यावे, ‘यात तुमचा दोष नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि आज रात्रीचा धोका तपासावा: मारहाण अलीकडे वाढली आहे का, हत्यार दाखवले आहे का, जिवे मारण्याची धमकी आहे का, मुले कोठे आहेत. घरी जाणे धोक्याचे वाटत असेल, तर डॉक्टरांनी तिला निरीक्षणासाठी एक रात्र दाखल करून घ्यावे. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक तोंडपाठ करून द्यावा. माहितीपत्रक पर्समध्ये सापडले तर त्याचीच शिक्षा होते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार पीडितेने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने) विनंती केल्यास वैद्यकीय मदत देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. घटनेचा अहवाल आधी भरलेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. उलट नियमांप्रमाणे रुग्णालयाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो आणि तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यायची असते. हे काम रुग्णालयातच नीट होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे: मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र.

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात कामगार आहे. बायको रागाच्या भरात हाताला येईल ते फेकून मारते. दोन महिन्यांपूर्वी तिने उकळता चहा अंगावर ओतला. मी दवाखान्यात ‘कुकर उडाला’ असे सांगितले. ड्रेसिंग करणारा म्हणाला, ‘काय, वहिनींनी प्रसाद दिला का?’ आणि सगळे हसले. खरे सांगितले असते तर काय झाले असते? पुरुषाला कायदा आहे का?

उत्तर : ज्याने हा विनोद केला, त्याने नेमका तोच प्रश्न विचारला होता जो गंभीरपणे विचारायला हवा होता, आणि तो अशा रीतीने विचारला की आपल्याला खरे उत्तर देण्याची वाट राहिली नाही. कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या वाचकांनी हे पत्र दोनदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

पुरुषांवर घरात हिंसा होते, ही कल्पित गोष्ट नाही. इंग्लंड आणि वेल्समधील सरकारी सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार मार्च २०२३ अखेरच्या वर्षात सुमारे १४ लाख स्त्रियांनी आणि ७ लाख ५१ हजार पुरुषांनी जोडीदाराकडून किंवा घरातल्या माणसांकडून अत्याचार सोसला. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की दोन्हीकडील धोका सारखा नाही: संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२३ साली जगभरात खून झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रियांना जोडीदाराने किंवा कुटुंबीयांनी मारले होते, तर पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. पण ही तुलना धोरण ठरवणाऱ्यांच्या कामाची. टेबलावर झोपलेल्या रुग्णाची पाठ भाजली असेल, तर दुसऱ्या कोणाची अधिक भाजते याने त्याचा दाह कमी होत नाही.

डॉक्टर आणि परिचारिकांसाठी लिहायचे तर, पुरुषांत उकळते पाणी, चहा किंवा तेल अंगावर फेकल्याने भाजणे, भांडे किंवा लाटणे लागून डोके फुटणे, चावे, ओरखडे, विळी-सुरीचे वार आणि जननेंद्रियांवरील इजा यांकडे विशेष लक्ष द्यावे. सांगितलेली कारणे बहुधा बाहेरची असतात: ‘कंपनीत लागलं’, ‘गाडी घसरली’, ‘मित्रांत भांडण झालं’, आणि संक्रांतीच्या सुमारास ‘मांजाने कापलं’. मांजाची जखम दुचाकीस्वाराच्या गळ्यावर, चेहऱ्यावर किंवा बोटांवर आडवी असते. खांद्यामागच्या वाराला ती सबब लागू पडत नाही. मारणारी नेहमी पत्नीच असते असेही नाही. भाऊ, बाप, मुलगा, मेहुणे, किंवा जोडीदार पुरुष असल्यास तोही असू शकतो, म्हणून ‘बायकोने मारलं का?’ असे न विचारता, ‘दादा, हे घरात कोणाकडून झालंय का? याआधीही झालंय का?’ असे विचारावे. इंग्रजीत चार प्रश्नांची ‘हिट्स’ नावाची छोटी प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. जोडीदार किती वेळा मारतो, अपमान करतो, धमकावतो आणि ओरडून शिव्या देतो, एवढेच तीत विचारतात. २००५ साली ती पुरुषांवरही तपासून पाहण्यात आली. आपल्याकडे ती अर्थातच साध्या मराठीत, तोंडी विचारावी लागेल.

आता कायदा. २००५ चा अधिनियम केवळ स्त्रियांना तक्रारदार मानतो, त्यामुळे त्याखाली आपल्याला अर्ज करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्या अधिनियमातील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो; पण अर्जदार स्त्रीच असावी लागते. मात्र शरीराला इजा करणे हा गुन्हा करणाऱ्याचे किंवा सोसणाऱ्याचे लिंग पाहत नाही. भारतीय न्याय संहितेतील साध्या दुखापतीचे कलम ११५, गंभीर दुखापतीचे ११७ आणि घातक हत्याराने किंवा तापलेल्या पदार्थाने केलेल्या दुखापतीचे ११८ ही कलमे आपल्यालाही लागू आहेत. आपला विवाह हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली झाला असेल, तर क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागण्याचा हक्क पती-पत्नी दोघांनाही आहे. औद्योगिक कामगार म्हणून आपल्याला उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सहाय्य मिळू शकते. त्यासाठी नाशिकच्या सीबीएसजवळील (मध्यवर्ती बसस्थानकाजवळील) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. मन फार खचले असेल, तर ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सेवा स्त्री-पुरुष सर्वांसाठी आहे.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. प्रतिकार म्हणूनही हात उचलू नका. भांडण पेटताना दिसले की घराबाहेर पडा. आणि त्या भाजल्याचे व्रण अजून असतील, तर एकदा डॉक्टरांना दाखवून खरे कारण नोंदवून घ्या. उशिरा झालेली खरी नोंद, वेळेवर झालेल्या खोट्या नोंदीपेक्षा उपयोगी पडते.

प्रश्न : मी इंटर्न आहे. नवरा-बायको दोघेही जखमी होऊन येतात आणि दोघेही ‘याने आधी मारले, हिने आधी मारले’ म्हणतात. अशा वेळी पीडित कोण हे कसे ठरवावे?

उत्तर : ते ठरवणे आपले काम नाही, ते तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. आपण दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी तपासावे, शक्य तर वेगवेगळ्या डॉक्टरांनी, आणि जे दिसते ते लिहावे. तरीही जखमा बरेच सांगतात. पुरुषाच्या उजव्या हाताच्या करंगळीमागचे हाड मोडले असेल, तर बहुधा त्याने मुठीने कशावर तरी जोरात ठोसा मारलेला असतो. भिंतीवर, की कोणाच्या चेहऱ्यावर, हे विचारावे. त्याच्या कोपराखालच्या हातावर चावे आणि चेहऱ्यावर ओरखडे असतील, तर तो पीडित असू शकतो. पण मागून गळा आवळला जात असताना सुटण्यासाठी धडपडणारी व्यक्तीही असेच चावते आणि ओरबाडते. म्हणून अशा जखमा पुरुषाच्या अंगावर दिसल्या, की पत्नीचा गळा तपासल्याशिवाय तिला सोडू नये. उलट, स्त्रीचे रडणे आणि पुरुषाचा शांतपणा यांवरूनही निष्कर्ष काढू नये. कोण कोणाला घाबरतो, पैसे, फोन आणि ये-जा कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारल्यास चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

बोलता बोलता रुग्णाने ‘घरी गेल्यावर तिला संपवतो’ असे म्हटले, तर ते रागातले बोलणे समजून सोडून देऊ नये. विशिष्ट व्यक्तीला गंभीर आणि निश्चित धोका असल्यास गोपनीयतेचा नियम शिथिल होतो, हे वैद्यकीय आचारसंहितेतच नमूद आहे. वरिष्ठांना लगेच कळवावे.

प्रश्न : निफाड तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका सुनेने द्राक्षबागेवर फवारायचे औषध घेतले. ती वाचली. घरच्यांनी ‘पाणी समजून चुकून प्यायली’ असे लिहून घेतले. डॉक्टरांनी याहून अधिक विचारायला नको होते का?

उत्तर : विचारायला हवे होते, पण जीव वाचल्यानंतर. कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिले काही तास अॅट्रोपिन हे विषावरचे औषध देणे, श्वासनलिका मोकळी ठेवणे आणि व्हेंटिलेटर यांतच जातात, आणि ते योग्यच आहे. पण रुग्ण शुद्धीवर आल्यावर, घरच्यांना बाहेर ठेवून, ‘काय झालं होतं?’ हे तिला स्वतःला कोणीतरी विचारले पाहिजे. तोवर केसपेपरवर ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे ती हकिकत तिच्या नावावर खपत नाही. तिने जाणूनबुजून औषध घेतले असले, तरी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार ती तीव्र तणावाखाली होती असेच कायदा गृहीत धरतो आणि त्यासाठी तिला शिक्षा होत नाही. ही भीती घातल्यामुळेच पुष्कळ जणी ‘चुकून’ म्हणतात. ती अजून रुग्णालयात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटण्याचा आग्रह आपण नातेवाईक म्हणून धरू शकता.

प्रश्न : शेजारी ऐंशीच्या घरातले निवृत्त गृहस्थ मुलाकडे राहतात. त्यांच्या हातांवर नेहमी काळेनिळे डाग दिसतात. मी काही बोलावे का? (गंगापूर रोड)

उत्तर : वयामुळे त्वचा पातळ झालेली असते, आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास साध्या धक्क्यानेही डाग पडतात, म्हणून नुसत्या डागांवरून मुलावर आरोप करू नये. दंडाच्या आतल्या बाजूस बोटांच्या आकाराचे डाग, मनगटावर बांधल्याच्या खुणा, वाढलेली नखे, अस्वच्छ कपडे, झपाट्याने उतरलेले वजन, औषधे मिळत नसणे, अशा गोष्टी एकत्र दिसल्या तर काळजी करावी. ते एकटे असताना सहज विचारपूस करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ पुरुष आणि स्त्री दोघांनाही सारखाच लागू आहे. घर मुलाच्या नावावर करताना सांभाळ करण्याची अट दस्तात घातली असेल आणि ती पाळली जात नसेल, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते.

प्रश्न : ‘एमएलसी करावी लागेल’ म्हटले की लोक उठून जातात. एमएलसी म्हणजे पोलीस तक्रारच ना? आणि खासगी रुग्णालये ‘सिव्हिलला न्या’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

उत्तर : एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून रुग्णालयाने केलेली नोंद आणि पोलिसांना दिलेली सूचना. पोलीस जबाब घ्यायला येतात, परंतु काय सांगायचे आणि तक्रार पुढे न्यायची की नाही, हे प्रौढ रुग्ण ठरवतो. हे दोन वाक्यांत समजावून सांगितले, तर उठून जाणाऱ्यांची संख्या कमी होते. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर मात्र पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार) कळवणे सक्तीचे आहे. तेथे रुग्णाच्या किंवा पालकांच्या इच्छेचा प्रश्न येत नाही.

त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला पाठवण्याविषयी: सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे की आधी जीव वाचवायचा, कागदपत्रे नंतर, आणि हे सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. रक्तस्राव थांबवून, प्रकृती स्थिर करून, नोंद करून मग पाठवले तर हरकत नाही. दारातूनच परत पाठवणे चूक आहे.

नोंद कशी असावी, हेही येथेच सांगतो. ‘मारहाण’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही. ‘काल रात्री सुमारे दहा वाजता पतीने लाकडी दांडक्याने डाव्या हातावर मारले, असे रुग्णाने सांगितले’ असे रुग्णाच्याच शब्दांत लिहावे; जखमेची जागा, सेंटीमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि रंग लिहावा, शरीराच्या आकृतीवर खूण करावी. रुग्ण पडल्याचेच सांगत असेल, तर तसेच लिहून ‘जखमेचे स्वरूप सांगितलेल्या कारणाशी जुळत नाही’ असे स्वतःचे निरीक्षण खाली नोंदवावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी, आणि मिळालेली प्रत ज्या घरात मारहाण होते त्या घरात न ठेवता विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी.